तळं उठवायची पाळी

“लवकर ये, मासे गुड मॉर्निंग म्हणतायत!”

लॉजच्या पायरीवर उभी राहून एक पाहुणी बाई आपल्या मुलीला हाक मारत होती. मुलगी विस्कटलेल्या केसांनी, एकाच पायात चप्पल घालून धावत आली आणि कठड्याला लटकून तळ्याकडे हात हलवू लागली. तळ्यात जिकडेतिकडे माशांची तोंडं वर आली होती. गोल, फिकट, उघडणारी आणि मिटणारी. मुलगी म्हणाली, “मम्मा, ते काहीतरी सांगतायत.” बाईंनी मोबाईल काढला.

मी काउंटरमागे खोल्यांच्या किल्ल्या खिळ्यांना अडकवत होते. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, लाकडी पेटीत, तळ्यातल्या कारंज्याचं बटण आहे. हात लांबवला की पोचतो. मी हात लांबवला नाही. सहा नंबरची किल्ली नऊच्या खिळ्याला गेली होती, ती काढून नीट लावली.

मासे गुड मॉर्निंग म्हणत नव्हते. त्यांचा जीव गुदमरत होता.

भात पिकायला येतं तेव्हाचे हे दिवस. पाऊस गेलेला असतो, पण ढग गेलेले नसतात. काळी नदीकडून येणारा वारा सुप्याच्या डोंगराआड कुठंतरी बसून राहतो. पान हलत नाही. ओंब्यांचा दुधाळ वास जागच्या जागी उभा असतो. धनेश उडत गेला तर त्याच्या पंखांचा घरघराट या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत ऐकू येतो. तळ्याचं पाणी तर इतकं स्थिर, की काठावरच्या देवळाची कौलं वरच्यापेक्षा पाण्यातच स्वच्छ दिसतात. पाहुण्यांना हे दिवस फार आवडतात. “काय शांतता आहे हो तुमच्याकडे,” असं मला रोज कोणीतरी म्हणतं. मी मान हलवते. शांततेबद्दल माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

गावात तळ्याला केरी म्हणतात. आणि गावाची समजूत अशी, की या बिनवाऱ्याच्या दिवसांत केरी झोपते. झोपली की माशांचा जीव घेते. म्हणून तिला उठवायचं. घरागणिक पाळी असायची. ज्याची पाळी त्याने फटफटायच्या आत तळ्यावर जायचं, टोकाकडे चिरलेला लांब बांबू घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचं, आणि पाणी बडवत बडवत काठाने पूर्ण फेरी घालायची. बांबू पाण्यावर पडला की फटाक्यासारखा आवाज यायचा. बाबा प्रत्येक फटक्याबरोबर म्हणायचे, “ऊठ गे बाय, ऊठ!” जणू कुणी आळशी लेक अंथरुणात लोळत पडली आहे.

आमच्या पाळीला मी बांधावर बसायची. माझं काम माशांवर नजर ठेवायचं.

“खाली गेले?” बाबा पाण्यातून विचारायचे.

“गेले.”

“सगळे?”

“एक राहिलाय. वडाकडं.”

मग बाबा त्या एकासाठी वडापर्यंत परत जायचे. फेस पांढरा होऊन काठाला लागायचा, पाण्याला कच्च्या चिखलाचा वास सुटायचा, आणि तो शेवटचा मासा शेपटी हलवून खाली जायचा. घरी आलो की आई नाचणीची आंबील द्यायची. बाबांच्या पोटऱ्यांवर जळवा असायच्या. त्या मीठ लावून काढायचं कामही माझं.

पुढे मी बेळगावला शिकायला गेले. इंग्लिश मीडियम, हॉस्टेल, पांढरे मोजे. तिथे वर्गात मराठी बोललं की उभं करायचे. मी उभं राहायला इतकी घाबरायची, की मी कुठलीच भाषा बोलेनाशी झाले. सुट्टीत घरी आले की आई विचारायची, “जेवलीस?” आणि मी मान हलवायची. गावातल्या बायका म्हणायच्या, “पोरीला वळण लागलं.” ते वळण नव्हतं.

त्याच काळात रामनगरचे वामनशेट गावात आले. त्यांनी तळ्याच्या वरच्या अंगाला लॉज बांधला. मासे सोडायचं आणि तळं राखायचं काम गावाने त्यांच्याकडे दिलं. दर उन्हाळ्यात तळं उपसून घरागणिक माशांचे वाटे घालायचे, तेवढं मात्र पहिल्यासारखंच राहणार होतं. शेटनी पहिली तक्रार केली ती बांबूची. पहाटे पहाटे फटफट आवाजाने पाहुण्यांची झोपमोड होते. मग त्यांनी तळ्याच्या मधोमध कारंजं बसवलं, त्याला लाल-निळे दिवे लावले आणि गावाला बघायला बोलावलं.

देवळाचा मान असलेले गावकर आजा काठावर बसून बराच वेळ कारंज्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “शेट, ह्ये मशीन केरीला उठवंल नव्हं?”

“आजा, तुमच्या धा बांबूंपेक्षा जास्त उठवंल.”

“मग झालं. पोरांच्या तंगड्या वाचल्या.”

सगळे हसले. त्या दिवसापासून पाळी बंद झाली. बांबू गोठ्यांच्या आढ्याला गेले.

आमच्या लोकांचं चुकलं ते इथे, आणि ही चूक फक्त आमचेच लोक करू शकतात. तळं झोपतं म्हटल्यावर ते कधीही उठवलं तरी चालतं, असं त्यांना वाटलं. संध्याकाळी जागं केलेलं माणूस सकाळपर्यंत जागं राहू शकतं, मग केरी का नाही? कारंजं शनिवार-रविवारी संध्याकाळी सहा ते आठ चालायचं, पाहुण्यांचा चहा आणि भजी चालू असताना. आणि तळ्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. दिवसा हिरवं पाणी उन्हात प्राणवायू सोडतं, त्यामुळे संध्याकाळी मासे मजेत असतात. अंधार पडला की तेच हिरवं पाणी प्राणवायू ओढायला लागतं. त्यात दिवसभर ढग असले तर साठाच कमी, वारा नसला तर वरून भर पडत नाही. उजाडायच्या वेळी माशांच्या वाट्याला काहीच उरत नाही. आणि हे पाणी इतकं हिरवं झालं होतं ते लॉजच्या मोरीमुळे. भांड्यांचं खरकटं, भाताची पेज, सगळं वरून उतरत तळ्यात येत होतं. पहाटे उठून पाणी बडवणाऱ्या आमच्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त वेळ ठाऊक होती. तीच त्यांनी सोडून दिली.

मी दहावीत होते. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले होते. तीन दिवस ऊन पडलं नव्हतं. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता बाबांनी मला हलवलं. “रेणू, चल. मला बरं दिसंना.” त्यांनी आढ्याचा बांबू काढला. कुणाची पाळी नव्हती, पाळ्याच नव्हत्या.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मोठे कटले आणि रोहू पोट वर करून तरंगत होते, तोंडं उघडी, कल्ले फुललेले. बारके मासे मात्र अजून जिवंत होते, काठाला येऊन पाण्याचा वरचा पातळ थर चोखत होते. बाबा कपडे न काढता आत शिरले. मेलेल्या माशांमधून वाट काढत ते पाणी बडवत होते. “ऊठ गे बाय.” त्यांचा आवाज फाटला होता. मी बांधावर बसले होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

फटफटाने लॉजचा राखणदार उठून आला. त्याला काय दिसलं? पहाटेची वेळ, तळ्यात उभा एक माणूस, त्याच्या भोवती मेलेले मासे.

आमच्या रानात गेळ नावाचं झाड आहे. त्याची फळं ठेचून ओढ्यात टाकली की मासे गुंगी येऊन वर येतात. उन्हाळ्यात ओढ्यावर सगळेच हे करतात. केरीत मात्र गेळ घालायचा नाही, अशी देवासमोरची शपथ आहे. दुपारपर्यंत बाबांचं नाव गावभर झालं होतं: पांडूनं केरीत गेळ घातला.

देवळापुढे सगळे जमले. बाबा म्हणाले, “मी उठवाया गेलतो.” वामनशेट म्हणाले, “मशीन असताना?” मशीनवर शंका घेण्याइतका बाबांचा स्वतःवर विश्वास नव्हता. मग गावकर आजा माझ्याकडे वळले. “तू हुतीस नव्हं बापासंगं? सांग की पोरी.”

मला सगळं सांगता येत होतं. आदल्याच महिन्यात विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा झाला होता. पाण्यातल्या प्राणवायूला काय म्हणतात ते मला स्पेलिंगसकट येत होतं, पण इंग्रजीत. गावच्या बोलीत ते कसं म्हणायचं? मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, “इंग्लिश मीडियमचा पोपट आणलाय, पण बोलंना.” हशा पिकला.

त्या हशात वामनशेट जे बोलले त्यातलं मी आजपर्यंत एक अक्षरही विसरलेले नाही. मऊ आवाजात, अगदी कौतुकाने म्हणाले, “तिला कशाला छळताय? शिकलेली पोर हाय. खोटं बोलायची लाज वाटती तिला, म्हणून गप हाय.”

माझं गप्प बसणं हीच साक्ष झाली. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. मग त्यांनी देवापुढे दंडाचा नारळ ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तळं उपसलं तेव्हा बांधावर सागाच्या पानांवर माशांचे वाटे मांडले. आमच्या घराचं पान मांडलं नव्हतं. दोन वाट्यांच्या मधे जागाही सोडली नव्हती. पानं सरकवून घेतली होती, जणू तिथे घर कधी नव्हतंच. आईने घासून आणलेलं पातेलं पदराखाली धरलं आणि आम्ही परत आलो. बाबा तर त्या दिवशी कणंगाचे कंद खणायला रानात निघून गेले होते. अजूनही बाजाराला जाताना ते तळ्याचा रस्ता सोडून टेकडीमागून वळसा घालतात. “तिकडनं सावली हाय,” म्हणतात. तिकडे सावली नाही.

लोक म्हणतात, काळ गेला की राग विरघळतो. पाण्यात सगळंच विरघळत नाही. काही गोष्टी तळाशी जाऊन बसतात आणि तिथे, जिथे हवा पोचत नाही, काळ्या होत राहतात. तळं उपसताना तो तळचा गाळ वर आला की त्याचा वास येतो, कुजक्या अंड्यासारखा. माझ्या आत तसा एक थर आहे. तो ढवळला जाऊ नये म्हणून मी फार हळू बोलते, फार कमी बोलते. त्याला लोक लाजाळूपणा म्हणतात.

शिक्षण संपवून मी परत आले. आईला वाटलं, शहर जमलं नाही. मराठी मी वाचून वाचून परत कमावली होती, बोली मात्र चुलीपाशी बसून आईकडून, एकेक शब्द. आणि मग मी लॉजवर नोकरी मागायला गेले. वामनशेटनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पांडूची पोर न्हवं का? ती गप बसणारी? बरं झालं. रिसेप्शनला बडबडी नको.”

मधली बरीच वर्षं त्यांनी तळ्यात मासे सोडलेच नव्हते. मी लागले त्याच पावसाळ्यात परत सोडले. भात पिकायचे दिवस आले, ढग आले, वारा थांबला, आणि एका सकाळी वडाकडे मला पहिलं तोंड दिसलं. दुसऱ्या दिवशी मी अंधारातच कामावर आले आणि कारंजं चालू केलं. दिवे बंद ठेवले, नुसतं पाणी. उजाडून ऊन वर आल्यावर बंद केलं. मासे खाली गेले. सगळे.

दोन वर्षं मी असं चोरून केलं. कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाकघरातल्या शांताअक्कांना तेवढं कळलं होतं. त्या चहा देता देता एकदा म्हणाल्या, “बापाची पाळी लेक करती काय गे?” मी कप घेऊन काउंटरकडे वळले. मला वाटायचं, हाच माझा सूड. वामनशेटच्याच बटणाने, त्यांच्याच नाकाखाली, मी बाबांचं काम चालू ठेवलं आहे.

मग या वर्षी गणपतीच्या दिवसांत देवळाबाहेर चपला शोधत असताना आतून गप्पा ऐकू आल्या. कोण बोलत होतं ते दिसलं नाही.

“दंड केल्यापासनं बघ, एकबी मासा मेला न्हाई.”

“व्हय की. पांडू सुधारला.”

मी एक चप्पल पायात, एक हातात, तशीच उभी राहिले. म्हणजे मी दोन वर्षं रोज पहाटे उठून काय करत होते? मी बाबांचा गुन्हा सिद्ध करत होते. वाचवलेला प्रत्येक मासा त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता. माझ्या गप्प बसण्याने त्यांना एकदा बुडवलं होतं, आणि आता माझ्या गुपचूप चांगुलपणाने.

म्हणून या वर्षी मी हात लांबवला नाही. बाबा खानापूरला आत्याकडे गेलेले होते, तिच्या घराची कौलं परतायला, पंधरा दिवस झाले होते. याहून चांगली संधी येणार नव्हती. मरू देत मासे. बाबा इथे नाहीत, बांबू आढ्याला आहे. आता सोडवा कुणी गेळ घातला ते कोडं. असं मी मनात म्हटलं, आणि म्हणताना मला बरं वाटलं. ते मी लपवणार नाही. त्या मुलीने मासे हसतायत समजून हात हलवला, तेव्हाही मला बरंच वाटत होतं.

पण त्या रात्री जेवताना बाबा मला विचारायचे तो प्रश्न, “सगळे?”, काही केल्या मनातून जाईना. माशांनी माझं काय केलं होतं? देवळापुढे तोंड उघडत मिटत उभी होते तेव्हा मला तरी कुणी पाणी बडवून उठवायला हवं होतं. मला सूड हवा होता, पण तो मुक्या जिवांवर नव्हे. ज्याला बोलता येतं त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी ‘नवं’ होतं, नव्या भाताचा सण. त्या दिवशी सगळा गाव नव्या भाताच्या ओंब्या घेऊन सकाळी केरीवर येतो, ओंब्या पाण्यात बुडवतो आणि देवाला वाहून मग घराच्या दाराला बांधतो. मी लवकर गेले. पेटी उघडली, पण बटण दाबलं नाही. त्यातला चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि मुठीत धरून पायरीवर येऊन बसले. तळ्यात आदल्या दिवसापेक्षा जास्त तोंडं होती. मोठे मासे आता वडाखाली कलंडायला लागले होते. मेलेला अजून एकही नव्हता. अर्धा तास, फार तर पाऊण, तग धरतील.

गाव आला. गावकर आजा ओंब्या बुडवायला वाकले आणि तसेच थांबले. त्यांच्या बोटांपाशी एक रोहू येऊन तोंड वासत होता.

“आरं, केरी झोपलीया,” ते म्हणाले.

वामनशेट मागून आले, पांढऱ्या लुंगीत, कपाळाला गंध. त्यांनी पाणी पाहिलं आणि क्षणाचाही उशीर केला नाही. “परत गेळ घातलाय कुणीतरी. पांडू कुटं हाय?”

“पांडू खानापुरात हाय,” कुणीतरी म्हणालं. “पंधरा दिस झालं.”

वामनशेट वळले. ओंब्या घेतलेल्या बायकांच्या रांगेत सर्वांत शेवटी, दोन हात अंतर ठेवून, माझी आई उभी होती.

“पांडू नसंल,” वामनशेट म्हणाले. “त्येचं घर तर हितंच हाय.”

सगळ्यांच्या माना आईकडे फिरल्या. आईने ओंब्या छातीशी धरल्या. आमच्या घरात गप्प बसणं आईकडून आलंय, हे मला तेव्हाच कळलं.

मी उठले. वामनशेटना मी दिसले, आणि त्यांचा आवाज लगेच मालकाचा झाला. “रेणू, बघत काय बसलीस? कारंजं लाव जा!”

मी त्यांच्यापर्यंत चालत गेले. मूठ पुढे करून उघडली. तळहातावर तो पांढरा फ्यूज होता. मग मूठ परत मिटली. तोंड उघडलं, आणि या वेळी ते रिकामं मिटलं नाही. गावच्या बोलीत, देवळापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले:

“शेट, गेळानं आधी बारकी मरत्यात. हितं मोठी कलंडल्यात, त्या सालीबी मोठीच मेलती. केरीला पहाटंचा वारा लागतोय, तुमच्या भज्यांच्या टायमाचा न्हाई. फ्यूज माझ्यापाशी हाय, लावते. पण आधी हितं, देवाच्या म्होरं, समद्यांना ऐकू जाईल असं म्हणा: पांडूनं गेळ घातला न्हवता. म्हणा. माशांस्नी लई येळ न्हाई.”